पिकअपच्या पहिल्या वर्षाची वही: उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या नगरप्रमुखांस खुले पत्र

प्रति,
माननीय आयुक्त, उल्हासनगर महानगरपालिका,
माननीय मुख्याधिकारी, अंबरनाथ नगरपरिषद,
माननीय मुख्याधिकारी, कुळगाव-बदलापूर नगरपरिषद
यांस सविनय सादर.

महोदय,

नव्या मालवाहू गाडीचे पहिले वर्ष हा तिचा मालक, तिचा कारखाना आणि तिच्यावर कर्ज देणारी बँक यांच्यातला खासगी मामला समजला जातो, आणि म्हणून त्या वर्षाअखेरीस मालकाच्या पदरी जमा झालेल्या अनुभवाची नोंद नगरसंस्थांच्या दप्तरी कोठेच होत नाही. प्रस्तुत पत्राचे म्हणणे असे की हा अनुभव सार्वजनिक आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या एकमेकांना लागून वसलेल्या तीन शहरांत वर्षभर राबलेल्या पिकअपच्या दुरुस्तीची वही उघडली, तर तिच्यातल्या पुष्कळ नोंदी गाडीच्या घडणीपेक्षा शहराच्या घडणीविषयी अधिक सांगतात. क्लच-प्लेट मुदतीआधी का घासली, मागचा पाटा का तुटला, धुराच्या गाळणीचा दिवा पुन्हा पुन्हा का पेटला, या प्रश्नांची निम्मी उत्तरे रस्ता, बाजार आणि वाहनतळ यांच्या आखणीत सापडतात. म्हणूनच हे पत्र वाहन-उत्पादकांना उद्देशून न लिहिता आपणांस उद्देशून लिहिले आहे.

‘पिकअप’ हा शब्द येथे व्यापक अर्थाने वापरला आहे. पुढे चालकाची केबिन, मागे उघडा हौदा, हौद्याला बिजागरीवर खाली पडणारे फाळके आणि एकूण भारवजन साडेतीन टनांच्या आत, अशी चारचाकी मालगाडी त्यातून अभिप्रेत आहे. ‘एकूण भारवजन’ म्हणजे रिकामी गाडी, इंधन, माणसे आणि माल या सर्वांचे मिळून कारखान्याने ठरवलेले व नोंदणीपुस्तकात लिहिलेले कमाल वजन होय. त्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की मालाची क्षमता उरते, आणि नाक्यावरच्या बोलीत तिलाच ‘पासिंग’ म्हणतात. अशा प्रत्येक गाडीला मराठी माणूस आजही सरसकट ‘टेम्पो’ म्हणतो, त्याचे कारण असे की जर्मनीतील हॅम्बुर्गच्या विडाल आणि सोन या कंपनीची ‘टेम्पो’ नावाची तीनचाकी फिरोदियांच्या बजाज टेम्पो कंपनीने भारतात बनवायला घेतली, आणि कंपनीचे नाव पुढे फोर्स मोटर्स झाले तरी वाहनाचे नाव भाषेत कायमचे रुजले. तीनचाकीची ही जागा चारचाकीने घेतली ती मे २००५ मध्ये टाटा मोटर्सने आणलेल्या ‘एस’ या दोन सिलिंडरच्या, पाऊण टन वाहणाऱ्या गाडीपासून. लोकांनी तिला ‘छोटा हाथी’ म्हटले, आणि हे नाव इतके चिकटले की आज दुसऱ्या कारखान्याच्या गाडीलाही तेच लावले जाते. अशोक लेलँडची दोस्त २०११ मध्ये, मारुतीची सुपर कॅरी २०१६ मध्ये आणि टाटांचीच इंट्रा २०१९ मध्ये आली. त्यांहून जड मालासाठी महिंद्राची बोलेरो पिकअप आधीपासून होतीच. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू वाहनांवरचा वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तो दिवस नेमका घटस्थापनेचा होता, आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी घेण्याचा जो परिपाठ या भागात आहे त्याला त्या वर्षी किमतीच्या उताराची जोड मिळाली.

या तीन शहरांना अशी गाडी का लागते, हे त्यांच्या इतिहासातच लिहिलेले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना वसवण्यात आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणीचे ‘कॅम्प’ आजही एक ते पाच या क्रमांकांनीच ओळखले जातात. सुमारे १३ चौरस किलोमीटरच्या या शहरात २०११ च्या जनगणनेनुसार पाच लाखांहून अधिक लोक राहत होते, आणि त्यांच्यातल्या असंख्यांनी घराच्याच ओट्यावर, बराकीच्याच खोलीत कारखाना किंवा दुकान थाटले. फर्निचर बाजार, गजानन कापड मार्केट, जपानी बाजार, जीन्सची शिलाई ही सारी मोठ्या आवाराशिवाय वाढलेल्या उद्योगांची नावे आहेत. ज्या उद्योगाला स्वतःचे आवार नाही त्याचा कच्चा माल साठत नाही, तयार मालही थांबत नाही. दोन्ही रोज थोडे थोडे हलवावे लागतात, आणि रोज थोडे थोडे हलवण्याचे साधन म्हणजे पिकअप. वालधुनी नदीच्या प्रदूषणाच्या प्रश्नावरून जीन्स धुण्याच्या कारखान्यांवर कारवाई झाल्यानंतर शिलाई एकीकडे आणि धुलाई दुसरीकडे असे काम विभागले गेले, तेव्हा त्या दोन टोकांमधले अंतरही याच गाडीच्या वाट्याला आले.

अंबरनाथची गोष्ट वेगळी आहे. शके ९८२ च्या शिवमंदिराचे हे गाव आयुध निर्माणी, १९५३ ची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आणि विमकोचा आगपेट्यांचा कारखाना यांमुळे औद्योगिक झाले, आणि नंतर मोरिवली व आनंदनगर येथील औद्योगिक वसाहतींनी त्याचा विस्तार केला. येथे मोठा ट्रक मोठ्या कारखान्याच्या फाटकातून आत जाऊ शकतो; परंतु त्या कारखान्याला सुटे भाग, पुठ्ठ्याची खोकी, रंगाचे डबे किंवा वेल्डिंगचे गॅस-सिलिंडर पुरवणाऱ्या लहान गाळ्यांचा व्यवहार पिकअपवरच चालतो. बदलापूर हे मुख्यतः राहते शहर आहे; मुंबईत घर परवडत नाही म्हणून तेथे येणाऱ्या कुटुंबाचे कपाट, फ्रिज, गाद्या आणि तुळशीचे वृंदावन ज्या हौद्यातून येते, त्याच हौद्यातून दुसऱ्या दिवशी फरशी, सिमेंट, वाळूच्या गोणी आणि भाद्रपदात गणेशमूर्ती येतात. रेल्वेने कल्याण ते बदलापूर हे अंतर जेमतेम १४ किलोमीटरचे आहे, आणि या १४ किलोमीटरमध्ये तीन नगरसंस्था, तीन तऱ्हेचा माल आणि एकच तऱ्हेची गाडी आहे.

पहिल्या वर्षाच्या जमाखर्चाकडे आता पाहता येईल. समजा, एखाद्या मालकाने सात लाख रुपयांचे कर्ज दरसाल ११ टक्के व्याजाने चार वर्षांसाठी घेतले; त्याचा मासिक हप्ता सुमारे १८,१०० रुपये पडतो आणि पहिल्या वर्षी भरलेल्या सव्वादोन लाखांच्या आतबाहेरच्या रकमेपैकी जवळजवळ ७० हजार रुपये निव्वळ व्याजाचे असतात. त्याच वर्षाअखेरीस विमा नव्याने उतरवताना गाडीची ‘विमित घोषित किंमत’, म्हणजे गाडी पूर्ण नष्ट झाल्यास विमा कंपनी जी कमाल रक्कम देऊ लागते ती, ठरलेल्या घसारा-कोष्टकानुसार नव्या गाडीच्या किमतीपेक्षा २० टक्क्यांनी कमी धरली जाते. तृतीय पक्षाचा विमा, म्हणजे गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई करणारा सक्तीचा विमा, साडेसात टनांपर्यंतच्या सर्व मालवाहू गाड्यांना एकाच दराने लागतो. २०२२ मध्ये ठरलेला हा दर १६,०४९ रुपये आहे, आणि पाऊण टन वाहणाऱ्या छोट्या गाडीच्या मालकाला चार-पाच टन वाहणाऱ्या गाडीइतकाच हप्ता भरावा लागावा हे न्यायाचे वाटत नाही. तो प्रश्न आपल्या अखत्यारीतला नाही, तरी या व्यवसायात चूक पचवण्याची जागा किती अरुंद आहे हे त्यावरून ध्यानात यावे. आयकराच्या अनुमानित उत्पन्न योजनेत अशा एका गाडीचे उत्पन्न दरमहा किमान साडेसात हजार रुपये धरले जाते. हप्त्याच्या आकड्याशेजारी हा आकडा ठेवला की घरात येणारा पैसा आणि बँकेत जाणारा पैसा यांचे प्रमाण स्पष्ट होते.

नव्या मालवाहू गाडीच्या योग्यता प्रमाणपत्राची पहिली मुदत दोन वर्षांची असते. एकूण भारवजन ३,००० किलोपर्यंतच्या मालगाडीला मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ नुसार परवानाही लागत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निर्णयानंतर हलक्या मोटार वाहनाचे अनुज्ञापत्र असणारा चालक वेगळ्या शेऱ्याशिवाय साडेसात टनांपर्यंतची मालगाडी चालवू शकतो. या तिन्ही सवलती योग्यच आहेत, कारण त्यांनीच या व्यवसायाची दारे गरिबाला उघडली. परंतु त्यांचा एकत्रित परिणाम असा की कल्याणच्या परिवहन कार्यालयात ‘एमएच ०५’ क्रमांक मिळाल्यापासून वर्षभरात ती गाडी कोणत्या अवस्थेला आली हे पाहणारे सार्वजनिक यंत्रणेत कोणीच उरत नाही. ते पाहतो फक्त मेकॅनिक, आणि त्याच्या नोंदी काळ्या बोटांच्या ठशांसह एका वहीत राहतात.

त्या वहीतली पहिली तक्रार बहुधा क्लचची असते. क्लच-प्लेट हा इंजिन आणि गिअरपेटी यांना जोडणारा व सोडवणारा घर्षणाचा तबकडीवजा भाग आहे. गाडी वेगात असताना तो जवळजवळ झिजत नाही, झिजतो तो गाडी सुटताना, म्हणजे पेडल अर्धे दाबून भरलेली गाडी एकेक हात पुढे सरकवताना. फर्निचर बाजारातून शहाडकडे किंवा विठ्ठलवाडीकडे जाणाऱ्या भरल्या गाडीला, आणि मध्य रेल्वेच्या रुळांनी पूर्व-पश्चिम दुभंगलेल्या या शहरांतल्या मोजक्या पुलांपाशी रांगेत उभ्या राहणाऱ्या प्रत्येक गाडीला, असे सुटणे एका फेरीत कित्येकदा करावे लागते. मालक तक्रार करतो की नव्या गाडीची प्लेट कच्ची निघाली, आणि विक्रेता उत्तर देतो की चालकाला पाय क्लचवर ठेवण्याची खोड आहे. दोघांचेही म्हणणे काही अंशी खरे असू शकते, परंतु ज्या चढावर आणि ज्या कोंडीत ती खोड लागते त्या ठिकाणाचे नाव कोणीच लिहून ठेवत नाही.

दुसरी तक्रार डिझेल गाड्यांच्या धुराच्या गाळणीची आहे आणि ती जुन्या चालकांना मुळीच समजत नाही, कारण त्यांच्या उमेदीच्या काळात ती वस्तूच नव्हती. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा या प्रदूषण-मानकांमुळे डिझेल गाड्यांच्या धुराड्याच्या वाटेवर काजळी अडवणारी चिनी मातीसारख्या पदार्थाची सच्छिद्र गाळणी आली. अडवलेली काजळी कधीतरी जाळावी लागते, आणि ती जळण्यासाठी धूर पुरेसा तापावा लागतो. मोकळ्या रस्त्यावर काही वेळ एका वेगाने गाडी चालली की हे काम आपोआप होते, याला गाळणीचे ‘पुनरुज्जीवन’ म्हणतात. दिवसभर पाच कॅम्पांच्या गल्ल्यांत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर फिरणाऱ्या गाडीला असा रस्ता मिळत नाही, गाळणी तुंबते, दिवा पेटतो, इंजिन ताकद आवरते घेते आणि गाडी एका दिवसासाठी कार्यशाळेत जाते. म्हणून अनुभवी मालक आठवड्यातून एकदा काटई-बदलापूर रस्त्याने किंवा मुरबाडच्या दिशेने मुद्दाम लांबची फेरी धरतात, आणि तशी फेरी न मिळाल्यास रिकामी गाडी पळवून आणतात. शहर स्वच्छ ठेवण्यासाठी बसवलेल्या गाळणीला जिवंत ठेवण्यासाठी शहराबाहेर डिझेल जाळावे लागते, इतकी विपरीत स्थिती कोंडीमुळे निर्माण झाली आहे.

या त्रासाला कंटाळून पुष्कळ मालक सीएनजीकडे, म्हणजे टाकीत सुमारे २०० पट वातावरणीय दाबाने भरलेल्या नैसर्गिक वायूकडे वळतात. इंधनाचा खर्च उतरतो हे खरे, आणि वर्षाअखेरीस सीएनजी गाडीचे मालक सामान्यतः अधिक समाधानी आढळतात. परंतु सिलिंडरचे वजन मालाच्या क्षमतेतून जाते, चढावर ताकद कमी पडते, दर तीन वर्षांनी सिलिंडरची पाण्याच्या दाबाने चाचणी करून घ्यावी लागते, आणि रांगेत जाणारा वेळ कोणत्याही पावतीवर छापला जात नाही. पंपावर दाब कमी असेल तर टाकी भरल्याचे दिसते पण पुरेशी भरत नाही, आणि मग त्याच दिवशी दुसऱ्यांदा रांग लावावी लागते. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुख्य वायुवाहिनीला हानी पोहोचून मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतला पुरवठा विस्कळीत झाला, तेव्हा एकाच इंधनावर टेकलेल्या या व्यवसायाची नाजूकता सर्वांनाच दिसली.

तिसरी तक्रार पाट्याची आहे, आणि तिच्यापाशी थोडे अधिक थांबणे आवश्यक आहे, कारण तेथे मालकाचीही जबाबदारी येते. ‘पाटे’ म्हणजे मागच्या आसावर एकावर एक रचलेल्या पोलादी कमानी पट्ट्या, ज्या मालाचा भार आणि रस्त्याचा धक्का दोन्ही झेलतात. पहिल्या वर्षातच पाटा तुटला की मालक नवा पाटा टाकताना वर एक जादा पाटाही टाकून घेतो. त्यामुळे गाडी बसत नाही, परंतु धक्का आता पाट्याऐवजी चेसीला, टायरला आणि चालकाच्या पाठीच्या मणक्याला बसू लागतो, आणि मुदतीतली हमीही धोक्यात येते. पाटा तुटण्याचे कारण खड्डा की जादा भार, हा वाद निरर्थक आहे. जादा भार घेतलेली गाडी खड्ड्यात गेली की तो तुटतो. जादा भार का घेतला जातो, याचे उत्तर भाड्याच्या रीतीत आहे. भाडे फेरीवर ठरते, वजनावर नाही. माल उतरवून परत येताना गाडी बहुधा रिकामी येते, म्हणजे एका दिशेच्या भाड्यात दोन दिशांचे इंधन बसवावे लागते. आणि ज्या व्यापाऱ्याला दीड गाडी माल आहे तो दुसरी गाडी न करता पहिलीच दीडपट भरतो. ‘नाही’ म्हणणाऱ्या मालकाच्या मागे नाक्यावर दुसरा उभाच असतो.

कायदा या बाबतीत कठोर आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनासाठी २,००० रुपये असा दंड लिहिलेला आहे, आणि हौद्याच्या बाहेर माल लटकत असल्यास वेगळे २०,००० रुपये. तीन दारांचे कपाट किंवा सोफ्याचा सांगाडा हौद्यात आडवा मावत नाही आणि उभा केला तर उंची ओलांडतो, हे फर्निचर बाजारातले रोजचे वास्तव आहे. अमेरिकेत १९५० च्या दशकाअखेर झालेल्या रस्ता-चाचण्यांतून निघालेला एक ठोकताळा अभियंते वापरतात, त्यानुसार रस्त्याची हानी आसावरच्या भाराच्या चौथ्या घाताने वाढते; भार दीडपट झाला की हानी सुमारे पाचपट होते. पिकअप ही हलकी गाडी आहे आणि रस्त्यांच्या दुर्दशेचा मुख्य दोष तिला देता येणार नाही, तरीही जादा भाराने रस्ता उखडतो, उखडलेल्या रस्त्याने पाटा तुटतो आणि पाट्याचा खर्च भरून काढण्यासाठी पुन्हा जादा भार घेतला जातो, हे चक्र मालक आणि नगरसंस्था दोघांनाही सारखेच बुडवते. ते मोडण्यासाठी मालकाने पासिंगप्रमाणेच माल घ्यावा, असे या पत्राचे स्पष्ट मत आहे. पण तसे करणारा मालक टिकेल अशी परिस्थिती निर्माण करणे त्याच्या एकट्याच्या हाती नाही.

महोदय, यापुढचा मुद्दा या पत्राचा गाभा आहे. गाडी चालत असताना मालकाचे जे नुकसान होते त्याहून मोठे नुकसान ती उभी असताना होते, आणि गाडी कोठे, किती वेळ उभी राहू शकते हे ठरवणे सर्वस्वी नगररचनेचे काम आहे. बाजारात माल चढवण्या-उतरवण्यासाठी आखून दिलेली जागा नसल्याने पिकअप दुकानासमोर रस्त्यातच थांबते. हमाल सावकाश आले तर मागे रांग लागते, वाहतूक पोलीस आला तर गाडी हलवून फेरी मारावी लागते, आणि छायाचित्रावरून निघणारे ई-चलान काही दिवसांनी मोबाइलवर उतरते. समजा, रोज केवळ दीड तास असा जागेच्या शोधात आणि माल उतरण्याच्या प्रतीक्षेत जातो. महिन्याच्या २६ कामाच्या दिवसांत ते ३९ तास होतात आणि वर्षात ४६८ तास, म्हणजे दहा तासांच्या कामाचे जवळजवळ ४७ दिवस. वर मांडलेल्या उदाहरणातल्या कर्जाचे पावणेदोन हप्ते या ४७ दिवसांत फिटले असते. ही रक्कम कोणाच्या खिशात जात नाही, कोणाच्या तिजोरीत जमा होत नाही. ती मालकाचीही जाते आणि त्याच्यामागे अडकलेल्या रिक्षाची, शाळेच्या बसची आणि रुग्णवाहिकेचीही जाते.

राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत बाजार, कारखाने व गोदामे यांच्या इमारतींसाठी माल चढ-उताराच्या जागेची तरतूद आहे, परंतु ती नव्या बांधकामाला लागू होते. बराकींतून वाढलेल्या बाजाराला तिचा काहीच उपयोग नाही. त्या बाजारासाठी जागा रस्त्यावरच काढावी लागेल, आणि तसा अधिकार कायद्यात आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ११७ स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून वाहने थांबवण्याच्या जागा निश्चित करण्याची मुभा देते. फर्निचर बाजार आणि गजानन मार्केटच्या परिसरात ठरावीक अंतरावर दोन-तीन गाड्यांपुरत्या पिवळ्या पट्ट्यांच्या जागा आखून तेथे फक्त पिवळ्या पाटीच्या मालगाडीला अर्धा तास थांबू द्यावे, सकाळी दुकाने उघडण्याआधीचे दोन तास मोठ्या चढ-उतारासाठी राखून ठेवावेत आणि त्या वेळेत दुकानदाराने माणूस हजर ठेवणे व्यापारी संघटनांमार्फत बंधनकारक करावे, इतक्याने ४७ दिवसांतले कित्येक दिवस परत येतील. यात भूसंपादन नाही, पूल नाही, मोठी निविदाही नाही.

रात्रीचा प्रश्न याहून अवघड आहे. ज्याचे घर बराकीच्या खोलीत किंवा बदलापूरच्या दोन खोल्यांच्या सदनिकेत आहे त्याच्या इमारतीत मालगाडीला सहसा प्रवेश नसतो, त्यामुळे सात-आठ लाखांची नवी गाडी रस्त्याच्या कडेला, नाल्याच्या काठाला किंवा मोकळ्या भूखंडावर झोपते. बॅटरी, डिझेल, ताडपत्री आणि जादा टायर यांची चोरी ही पहिल्या वर्षातल्या अनुभवांतली सर्वांत कडवट गोष्ट म्हणून मालक सांगतात, कारण ती कमाईतून नव्हे तर विश्वासातून कापली जाते. पावसाळ्यात याच जागा बुडतात. २६ जुलै २००५ चा पूर आणि २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्सप्रेस येथे कोणालाही विसरता येणार नाही, पण वालधुनी आणि उल्हास यांच्या काठच्या सखल वस्त्यांत त्याहून लहान पाणीही गाडीच्या इंजिनापर्यंत पोहोचते. इंजिनात पाणी शिरलेली गाडी चालू करण्याचा प्रयत्न केला तर दट्ट्याचा दांडा वाकतो, आणि ही हानी साध्या विम्यात सामान्यतः भरून मिळत नाही. वेगळे पूरक संरक्षण घ्यावे लागते, जे पहिल्या वर्षी फार थोडे मालक घेतात. तीन शहरांत मिळून उंचावरच्या, दिवे आणि पहारा असलेल्या पाच-सहा रात्रतळांची सोय वाजवी मासिक शुल्क घेऊन झाली, तर ते शुल्क मालक आनंदाने भरतील, कारण आज तो खर्च चोरीच्या रूपाने होतोच आहे.

या रात्रतळांचा संबंध पुढच्या दशकाशीही आहे. विजेवर चालणारी टाटा एस मे २०२२ मध्ये आली आणि छोट्या मालगाड्यांत विजेचा पर्याय आता प्रत्यक्ष उपलब्ध आहे. दिवसाला ठरावीक अंतर, वारंवार थांबणे, कमी वेग, या तिच्या अनुकूल अटी उल्हासनगर-अंबरनाथच्या फेऱ्यांना तंतोतंत लागू पडतात, आणि तिला क्लच नाही, गाळणीही नाही. परंतु जी गाडी रात्री उभी करायला जागा नाही ती रात्री चार्ज करायलाही जागा नसते. रात्रतळ झाले आणि तेथे वीजजोडणी आली, तरच हा पर्याय गल्लीतल्या मालकापर्यंत पोहोचेल. अन्यथा तो मोठ्या गोदामांच्या ताफ्यांपुरताच राहील.

परतीच्या रिकाम्या फेरीवर नगरसंस्था काही करू शकत नाहीत असे सकृद्दर्शनी वाटते, आणि मोबाइलवरच्या ॲपमुळे तो प्रश्न काही अंशी सुटलाही आहे. तथापि अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत माल उतरवलेल्या गाडीला बदलापूरहून उल्हासनगरकडे जाणारा माल मिळू शकतो, हे कळण्याचे ठिकाण म्हणजे नाका, आणि नाक्याला सावली, पाणी, स्वच्छतागृह आणि एक वजनकाटा इतके दिले तरी तो भाड्याच्या बाजाराचे काम अधिक चांगले करील. वजनकाटा विशेष महत्त्वाचा आहे. आज पासिंगप्रमाणे माल भरण्याची इच्छा असलेल्या मालकालाही वजन अंदाजाने करावे लागते. नाक्यावरच वाजवी दरात तोलून मिळाले आणि त्याची पावती व्यापाऱ्याला दाखवता आली, तर ‘जास्त होत नाही शेठ, पासिंग संपले’ असे म्हणण्याचे बळ त्याला मिळेल.

हे सारे एका संस्थेने करून भागणार नाही. पिकअपला हद्द कळत नाही. ती सकाळी बदलापुरात फरशी उतरवते, दुपारी अंबरनाथहून पत्रे घेते आणि संध्याकाळी कॅम्प पाचमध्ये कापडाचे तागे उतरवते. उल्हासनगरने दिवसा बंदी घातली आणि अंबरनाथने रात्री, तर दोन्ही नियम पाळणाऱ्याला दिवसही नाही आणि रात्रही नाही. तिन्ही शहरे ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या एकाच क्षेत्रात आणि कल्याणच्या एकाच परिवहन कार्यालयाखाली येतात, त्यामुळे एकत्र बसण्यास प्रशासकीय अडचण नाही. अशा बैठकीला तिन्ही शहरांतल्या दोन-दोन मेकॅनिकांना त्यांच्या वह्यांसह बोलवावे अशी विनंती आहे. कोणत्या महिन्यात कोणत्या रस्त्यावरून आलेल्या गाड्यांचे पाटे अधिक तुटले हे ते बोट ठेवून सांगू शकतील, आणि खड्डे बुजवण्याचा क्रम त्यावरून ठरवता येईल. पहिली बैठक येत्या पावसाळ्याआधी व्हावी, कारण वर्षभराच्या वहीतली सर्वाधिक पाने जुलै आणि ऑगस्टचीच असतात.

कळावे.